हूक असलेली पांढरी गाडी

जुनी गाडी घेताना गाडी बघायची नसते. विकणारा बघायचा असतो!

हे मी उगाच बोलत नाही. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी माणसं नेमायचं काम करतो. समोरच्या खुर्चीत माणूस बसला, पाण्याचा पेला कसा उचलला, खाली ठेवताना आवाज केला की नाही, एवढ्यावर त्याचा सगळा जमाखर्च माझ्या डोक्यात मांडून तयार असतो. हा पगार झाला की पळणार, हा साहेबांची पाठ वळली की झोपणार, हा निवृत्तीच्या दिवशीही वेळेआधी येणार. गाडी काय, मुकी असते. रंग मारला की गप्प बसते. माणसाला कितीही रंग मारा, तो कुठेतरी बोलतोच!

म्हणून आमच्या घरात गाडी घ्यायचा विषय निघाला तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "माझ्यावर सोपवा."

त्यांनी सोपवलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी कुणाशी खालच्या पट्टीत बोललेलं नाही.

गाडीची गरज का पडली ते आधी सांगतो. माझ्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. ते खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वरच्या. घरजावई नाही हो, भाडं देतो! नानांनी उभा जन्म सुतारकाम केलं. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत चकरा मारतात, शेजाऱ्यांच्या भानगडीत लक्ष घालतात. नानांनी नाव बांधायला घेतली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, खरीखुरी लाकडी, दोन वल्ह्यांची नाव! कितीतरी वर्षं आमच्या घरात भुसा नसलेला चहा कुणी प्यायलेला नाही. ती पुरी होणार नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आणि एक दिवस नानांनी हात झटकले आणि म्हणाले, "झाली."

त्याच आठवड्यात बातमी आली. टेकडीवरच्या तलावाची भिंत दुरुस्त करायची आहे. सोमवारपासून पाणी सोडणार, तलाव वर्षभर बंद.

नानांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "रविवारपर्यंत नाव पाण्यात गेली पाहिजे."

"नाना, पुढच्या वर्षी आरामात..." मी सुरुवात केली.

"पुढच्या वर्षी माझे गुडघे कुठे असतील, ते तुम्ही सांगणार आहात का जावईबापू?"

मधे माझा मेहुणा बोलला. तो औषधांच्या दुकानात काम करतो. फावल्या वेळात मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो आणि उरलेल्या वेळात ते आम्हाला सांगतो. त्याने एका मित्राकडून नावेसाठी दोन चाकांचा ट्रेलर मिळवून ठेवला होता, पण तो ओढायला गाडी नव्हती. तो म्हणाला, "टेम्पो सांगू या. नाव उचलायची, टाकायची, न्यायची."

इथे मी गप्प बसलो असतो, तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ आली नसती.

"टेम्पो कशाला?" मी म्हणालो. "नाहीतरी आम्ही जुनी गाडी घेणारच आहोत. मागे हूक असलेली घेऊ! रविवारी नाव ओढेल, पुढच्या सुट्टीत तंबू वाहील, आपल्याला रानात नेईल, नदीकाठी नेईल. एका गाडीत सगळं!"

नानांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. एखादी फळी वाकडी आहे का, हे ते असंच बघतात.

"जमेल?"

"जमेल म्हणजे? रविवारी सकाळी तुम्ही नावेत, नाव पाण्यात! माझा शब्द!"

बायको कपाळाला हात लावून आत गेली. ती नानांची मुलगी आहे. त्यांना दिलेल्या शब्दाचं पुढे काय होतं, हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

पहिली गाडी एका बांधकाम ठेकेदाराची होती. उंच, दणकट, मागे मनगटाएवढा जाड हूक. दारावर पोचे होते आणि आत सिमेंटची धूळ. मेहुणा तिच्याभोवती असा फिरला की जणू लग्नाला मुलगी बघतोय!

"दाजी, ही गाडी घर ओढून नेईल! खालची चौकट बघा. चारही चाकांना जोर मिळतो!"

मी मात्र ठेकेदाराकडे बघत होतो. हा माणूस एका कानाला फोन लावून कुणाला तरी "उद्या नक्की" म्हणत होता आणि दुसऱ्या हाताने आम्हाला गाडीची किल्ली देत होता. 'उद्या नक्की' म्हणणाऱ्या माणसाला मी आजवर एकदाही कामावर ठेवलेलं नाही! मी त्याला विचारलं, "तुमच्या हाताखालची माणसं तुमच्याकडे किती दिवस टिकतात?"

"काय?"

"माणसं. टिकतात का?"

"साहेब, तुम्ही गाडी घ्यायला आलाय की युनियन काढायला?"

बस! खात्यावर एकदम लाल शेरा. मी मेहुण्याला ओढून बाहेर आणलं. तो रस्ताभर पुटपुटत होता, "गाडीला विचारायचे प्रश्न त्या माणसाला विचारलेत, दाजी. माणसाला विचारायचे गाडीला तरी विचारा!"

दुसरी गाडी एका तरुण जोडप्याची होती. मागे हूक, टपावर तंबूचा सांगाडा, सायकली लटकवायला पट्टे. रानावनात हिंडायला याहून चांगली गाडी मिळणार नाही, असं मेहुण्याने मला डोळ्यांनी तीनतीनदा सांगितलं. पण ते दोघं आमच्यासमोरच भांडायला लागले!

"यांना सांग ना, तूच पंक्चर केलं होतंस ते!"

"मी केलं? रस्ता तू दाखवला होतास!"

"रस्ता बरोबर होता, तूच ऐकलं नाहीस!"

भांडणात वाढलेल्या गाडीत आपण कुटुंब घेऊन बसायचं? मी आभार मानले आणि निघालो. त्या मुलीने मागून ओरडून विचारलं, "काका, गाडी चालू करून तरी बघा!" मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझा निर्णय झाला होता!

मेहुण्याचा चेहरा आता औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखा बारीक आणि गंभीर झाला होता. "दाजी, शुक्रवार आलाय."

"माहीत आहे."

"टेम्पो..."

"टेम्पोचं नाव काढलंस तर याद राख!" मी भर रस्त्यात ओरडलो. रागाचं खरं कारण हेच आहे बघा. चूक करणाऱ्या माणसाचा मला कधीच राग येत नाही. बरोबर बोलणाऱ्याचा येतो!

तिसरी गाडी एका निवृत्त ग्रंथपालबाईंची. आणि इथे, वाचकहो, मी अक्षरशः विरघळलो.

काय ते घर! चपला एका रेषेत. कुंड्या एका रेषेत. दाराशी पायपुसणं आणि पायपुसण्याखाली पायपुसणं. बाईंचा चष्मा दोरीला, दोरी गळ्यात. गाडी पांढरीशुभ्र, दवाखान्यातल्या चादरीसारखी. आत प्लास्टिकचं वेष्टण अजून सीटवर. आणि मागे हूक! चकचकीत, गोल, पॉलिश केलेला हूक!

बायको आमच्याबरोबर आली होती. बाईंनी तिला स्वयंपाकघरात चहाला नेलं. मी मागोमाग जाऊन टेबलाशी बसलो आणि माझी मुलाखत सुरू केली.

"बाई, पुस्तक उशिरा आणणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात?"

"काही म्हणत नसे. पुढचं पुस्तक देत नसे."

"आणि फाटलेलं पान आढळलं तर?"

"स्वतः चिकटवायची. मग ज्याने फाडलं त्याला बोलावून, चिकटवलेलं दाखवायची."

मला टाळी वाजवावीशी वाटली. असं उत्तर देणारा उमेदवार मला नोकरीत एकदाही भेटला नाही! मी विचारलं, "आयुष्यात कधी खोटं बोललात?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "एकदा. बहिणीला तिचा स्वयंपाक आवडला म्हणाले होते."

झालं! माझ्या डोक्यातली जमेची बाजू काठोकाठ भरून सांडायला लागली. मी बाहेर अंगणात आलो, तर मेहुणा जमिनीवर पालथा पडून गाडीखाली डोकं घालायच्या बेतात!

"उठ!" मी दबक्या आवाजात ओरडलो.

"हूक कशाला जोडलाय ते बघतोय."

"त्या बाईंसमोर गाडीखाली शिरतोस? त्यांना काय वाटेल? संशय घेतोय असं वाटेल!"

"दाजी, संशय घ्यायलाच आलोय ना आपण?"

"उठ म्हणतो ना!"

त्याने शर्ट झटकला. "ठीक आहे. पण इंजिन बघा. ही कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची गाडी आहे! ही नाव नाही ओढणार, नावेनेच हिला ओढावं लागेल!"

"हूक आहे की नाही?"

"आहे."

"मग गप!"

तो सरळ चालत घरी गेला. गाडी मात्र मी त्याच संध्याकाळी घेऊन आलो. येताना बायको शेजारी बसली होती.

"अहो, त्या बाई सांगत होत्या की तो हूक..."

"बघितलास? पॉलिश केलाय! कोण हुकाला पॉलिश करतं सांग? हा माणसाचा स्वभाव असतो!"

"हो, पण त्या म्हणाल्या की तो त्यांनी..."

"अगं, त्यांचं बोलणं मी ऐकलं. वाक्यागणिक खरं. मला माणूस कळतो!"

"मला पुरं बोलू द्याल का?"

"घरी गेल्यावर बोल. आत्ता गाडीचा आवाज ऐक. काही ऐकू येतंय? काहीच नाही!"

बायकोने खिडकीची काच खाली घेतली आणि बाहेर बघत बसली. घरी पोचल्यावर ती नाही बोलली. तिचा असाच नियम आहे. एकदा तोडलं की ते वाक्य ती कुलपात घालून ठेवते आणि बरोबर चुकीच्या वेळी बाहेर काढते.

रविवारी सकाळी नाव ट्रेलरवर चढली. नानांनी तिला जुन्या गोधड्या बांधल्या होत्या. तिच्यावरून हात फिरवत ते पुढून मागे गेले, मागून पुढे आले. मग गाडीपाशी आले आणि बोटाच्या पेराने बंपरवर टकटक केली.

"पोकळ वाजतोय."

"नाना, हल्ली सगळ्यांचे असेच वाजतात."

नाना मागे बसले. मेहुणासुद्धा आला. "फक्त बघायला," तो म्हणाला आणि मयताला आल्यासारखा गंभीर चेहरा करून बसला.

सपाट रस्त्यावर गाडी चालली, हे मी आवर्जून नमूद करतो. ती चालली! चौथा गिअर नाही पडला, तिसराही नाही, पण दुसऱ्यात छान चालली. मी आरशात मेहुण्याकडे पाहून भुवया उडवल्या. त्याने समोर टेकडीकडे बोट दाखवलं.

टेकडी लागली आणि गाडीने श्वास टाकला. पहिला गिअर. इंजिन असं रडायला लागलं की वरच्या वळणावरची गाढवं मान वळवून बघायला लागली. रबर जळाल्यासारखा वास आला. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न! शिव्या! एका स्कूटरवाल्याने शेजारी येऊन खिडकीत तोंड घातलं. "काका, पुढे जाताय ना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"नाही, कळत नव्हतं म्हणून विचारलं!"

माझ्या कानशिलाच्या शिरा तडतडायला लागल्या. "मागे सगळ्यांनी पुढे वाकून बसा!" मी ओरडलो.

"वाकून काय होणार?" बायकोनेही आवाज चढवला.

"वजन पुढे येतं!"

"वजन तेवढंच राहतं, दाजी," मागून आवाज आला. "व्हिडिओत..."

"तुझा व्हिडिओ घाल चुलीत!"

एवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. नाना उतरले! चालत्या गाडीतून, आरामात, जिना उतरल्यासारखे. दार लावलं, धोतर सावरलं आणि गाडीच्या बाजूने चढायला लागले. गुडघे दुखणारा म्हातारा! मी आरशात बघतोय, नाना मागच्या दारापाशी. मग पुढच्या दारापाशी. मग नाना काचेसमोर, मग नाना पुढे! वळणावर ते दिसेनासे झाले. आम्ही तलावाच्या काठी पोचलो तेव्हा ते एका दगडावर बसून पायातला खडा काढत होते.

"आलात?" ते म्हणाले.

उत्तर द्यायला दात सोडवावे लागले असते.

तलावात नाव सोडायला काठावरून पाण्यात जाणारा सिमेंटचा उतार असतो. ट्रेलर उलटा त्यावरून पाण्यापर्यंत न्यायचा, नाव तरंगली की गाडी पुढे घ्यायची. सांगायला किती सोपं! पण ट्रेलर मागे नेताना चाक एकीकडे फिरवावं तर तो दुसरीकडे जातो. अगदी आमच्या कारखान्यातल्या कामगारांसारखा!

"उजवीकडे फिरव!" मी मेहुण्याला म्हणालो. पहिल्यांदा तोच चालवत होता, कारण व्हिडिओ त्याने बघितले होते. ट्रेलर डावीकडे गेला आणि झुडपात घुसला.

"मी डावीकडे म्हणत होतो!"

"तुम्ही उजवीकडे म्हणालात!"

"म्हणालो असेन! पण तुला कळायला नको?"

पुढे घ्या. पुन्हा मागे. या वेळी ट्रेलर काटकोनात वळून आमच्याकडे टकमक बघत उभा राहिला. काठावरचा पहारेकरी शिट्टी वाजवत आला, "लवकर आटपा, पुढचे थांबलेत!" आणि शिट्टी तोंडात तशीच ठेवून आमच्याभोवती फिरायला लागला. श्वास घेतला तरी शिट्टी, सोडला तरी शिट्टी! बायको समोर उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करत होती, पण दोन हात दोन दिशांना. मेहुणा गाडीतून उतरला आणि दार आपटून म्हणाला, "तुम्हीच करा!"

"करतो! बघच!"

"थांबा," नाना म्हणाले. त्यांनी नावेवरच्या दोऱ्या सोडल्या, गोधड्या काढून घडी घालून काठावर ठेवल्या आणि ट्रेलरच्या चाकावर पाय देऊन सरळ नावेत चढून बसले. वल्ही हातात घेतली.

"बाबा, खाली या!" बायको किंचाळली.

"रविवारी सकाळी मी नावेत, नाव पाण्यात, असा शब्द आहे," नाना म्हणाले. "मी माझं अर्धं केलंय."

आता तुम्हीच सांगा, यावर माझं काय होईल? कानातून वाफ निघाल्यासारखं वाटायला लागलं. मी गाडीत बसलो, मागचा गिअर टाकला. आणि नशीब बघा, ट्रेलर सरळ मागे जायला लागला! अगदी सरळ, रेघ मारल्यासारखा! मी खिडकीतून डोकं काढून मेहुण्याला ओरडलो, "बघ! शीक काहीतरी!"

उतार लागला. गाडीला वेग आला. "ब्रेक!" सगळे एकदम ओरडले. शिट्टीसुद्धा ओरडली. मी सगळा राग पायात आणला आणि ब्रेकवर उभा राहिलो.

कडाड!

गाडी जागच्या जागी थांबली. आरशात बघतो तर नाव चाललेली! हूक, हुकाला जोडलेला बंपर, बंपरवरची माझी नंबरप्लेट आणि मागचे दोन दिवे, सगळी वरात ट्रेलरच्या मागे तारा ओढत उतारावरून खाली निघाली होती. वरती नाना, दोन्ही हातांत वल्ही, पाठ ताठ. ट्रेलर धडाधड पाण्यात शिरला. पाणी उडालं. ट्रेलर बुडाला. बंपर बुडाला. आणि नाव?

नाव बदकासारखी वर आली आणि तरंगायला लागली!

बायको धावत पाण्यापर्यंत गेली. "बाबा!"

नानांनी मागे पाहिलंच नाही. वल्ही पाण्यात टाकली आणि संथ, एकसारखे हात मारत तलावाच्या मध्याकडे निघाले.

नाना सुखरूप आहेत हे दिसल्यावर माझ्या रागाला जागा झाली. मी फोन काढला आणि ग्रंथपालबाईंना लावला. स्पीकरवर! सगळ्यांना ऐकू दे!

"बाई, तुमच्या गाडीचा हूक निघाला! बंपरसकट! नाव ओढत होतो!"

"नाव?" पलीकडून शांत आवाज आला. "त्याने नाव कशी ओढणार? तो ओढायचा हूक नाही. बाजारात गाडी लावली की मागचे लोक येऊन धडकायचे. त्यांची गाडी खरचटावी, माझी नाही, म्हणून मी तो बंपरला लावून घेतला होता."

"हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही. पुस्तकांबद्दल विचारलंत, बहिणीच्या स्वयंपाकाबद्दल विचारलंत. मला वाटलं तुम्हाला वाचनाची आवड आहे." मग त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या मिसेसना मी सांगितलं होतं. चहाच्या वेळी. नीट समजावून."

मी हळूच वळलो. बायको पाण्यातून ओल्या चपला घालून वर येत होती. कुलूप उघडलं होतं.

"गाडीत सांगत होते," ती म्हणाली. "दोनदा."

"मग तिसऱ्यांदा सांगायचं!"

"तिसऱ्यांदा! माझं पहिलं वाक्य पुरं झालं असतं तर तिसऱ्यांदाची गरज काय होती? म्हणे माणूस कळतो! इतकी वर्षं एका घरात राहतोय, मी तोंड उघडते तेव्हा काहीतरी सांगायचं असतं, एवढं तरी कळलं का?"

"आणि मी गाडीखाली बघत होतो," मेहुण्याने तेल ओतलं.

"तू गप! तुझ्याच्याने झुडूप सोडून कुठे जाता आलं का?"

"ठेकेदाराची गाडी घेतली असती तर..."

"तर तू ती ठेकेदारासकट तलावात घातली असतीस!"

"दाजी, जिभेला हाड..."

"माझ्या भावावर ओरडू नका!"

"मग कुणावर ओरडू? बंपरवर? तो तर पाण्याखाली आहे!"

पहारेकरी मधे आला. "उतारावरून गाडी काढा आधी!" मी किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. खोकलीसुद्धा नाही. मग आम्ही तिघांनी आणि पहारेकऱ्याने ती ढकलून बाजूला लावली. ढकलतानाही आम्ही भांडत होतो आणि पहारेकऱ्याने, तोंडात शिट्टी असूनही, मेहुण्याची बाजू घेतली!

मग दम संपला. चौघंही काठावर बसलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, म्हणून सगळे तलावाकडे बघायला लागलो.

नाना तिकडे पार मध्यावर होते. वल्ही थांबवून बसले होते. मग पुन्हा हात मारायला लागले. एक फेरी पुरी केली, दुसरी केली. पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आले. सुतारकाम करताना फळीला रंधा मारतात तसा त्यांचा हात पुढे जायचा आणि परत यायचा, न थांबता, न घाई करता. ऊन वर आलं. इतर नावा आल्या, गेल्या. बायकोने दोनदा हाक मारली. नानांनी हात वर केला, पण आले नाहीत. तिने तिसऱ्यांदा हाक मारली नाही.

"बाबांना असं बघितलं नव्हतं," मेहुणा हळूच म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य, ज्यावर मला ओरडावंसं वाटलं नाही.

शेवटी कधीतरी नाव काठाकडे वळली. मी बूट काढले, पँट वर केली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन दोरी पकडली. मनात सगळी तयारी होती. नाना आता बोलणार. बंपरवर टकटक केली होती ते बोलणार, टेकडी पायी चढले ते बोलणार, ट्रेलर बुडाला ते बोलणार. बोलू देत! मी खाली मान घालून उभा राहिलो.

नाना उतरले. नावेला हात लावून उभे राहिले. चेहरा उन्हाने लाल झालेला, डोळे मात्र पंचवीस वर्षांच्या पोराचे. एक डोळा मिटून त्यांनी नावेची कड बघितली, खालपासून वरपर्यंत.

"डावीकडे कलते," ते म्हणाले.

"अं?"

"थोडी कलते. बोटभर. तळाच्या फळीचा बाक चुकलाय." ते समाधानाने मान हलवत राहिले. "हिला मोडून दुसरी करावी लागणार. तलाव उघडेपर्यंत होईल. या वेळी जरा लांब करतो, चौघं बसतील अशी." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. "ती लांब आणि जड होणार, जावईबापू. तुम्ही तोवर त्या मानाने मोठी गाडी बघून ठेवा."

त्या क्षणी मला राग यायलाच हवा होता. कुणालाही आला असता! मी पोटात चाचपून पाहिलं. काहीच नव्हतं. सकाळपासून टेकडीवर, झुडपात, ब्रेकवर, फोनवर, मेहुण्यावर आणि बायकोवर सगळा खर्च होऊन बसला होता.

मी "बरं" म्हणालो आणि नंबरप्लेट शोधायला पाण्यात शिरलो.